विरळ हवा, दाट रक्त : लेहला निघालेल्या पोरांच्या रिपोर्टमागचा इतिहास

बीड-लातूरकडचा पोरगा भरती होऊन लेहला निघाला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : डोंगरावर राहिलं की रक्त वाढतं, आणि रक्त वाढलं की दम वाढतो. यातलं पहिलं खरं आहे. दुसरं अर्धवट खरं आहे, आणि ते उमगायला वैद्यकशास्त्राला शंभरावर वर्षं लागली.

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. हवेतला प्राणवायू दोन्हीकडे २१ टक्केच असतो, पण लेहला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत ६५ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे श्वास तेवढाच घेतला तरी आत जाणारा प्राणवायू कमी. धाप लागण्याचं कारण हेच, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ साली प्रयोगांनिशी मांडलं. त्याआधी तीनच वर्षं, एप्रिल १८७५ मध्ये, ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तिघे जण ८,००० मीटरच्या वर गेले होते. सोबत प्राणवायूच्या पिशव्या होत्या, पण गरज पडली तेव्हा नळीपर्यंत हातच उचलेना. दोघे वरच दगावले, एकटा गास्तों तिसांदिए वाचला.

रक्ताची गोष्ट १८९० पासून सुरू होते. फ्रान्स्वा व्हिओ हे डॉक्टर पेरूतल्या मोरोकोचा या खाणगावी, सुमारे ४,५०० मीटरवर, जाऊन राहिले आणि स्वतःच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोजत गेले. घनमिलिमीटरमागे ५० लाख असलेला आकडा तीन आठवड्यांत ७० लाखांवर गेला.

इथे एक बारकावा आहे, तो आजही रिपोर्ट वाचताना निसटतो. उंचीवर गेल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत हिमोग्लोबिनचा आकडा चढतो, तो नव्या पेशींमुळे नव्हे. शरीर लघवीवाटे पाणी टाकतं, रक्तातला पातळ भाग आटतो, आणि आहेत त्याच पेशी दाट दिसतात. आमटी आटवली म्हणून डाळ वाढत नाही, तसंच. खरी भर नंतर पडते : मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सुटतं, हाडांतल्या मगजाला हुकूम जातो आणि काही आठवड्यांनी पेशींचा एकूण साठा वाढतो. असा काही पदार्थ असावा हे १९०६ मध्येच सुचवलं गेलं होतं, तो शुद्ध रूपात हाती आला १९७७ मध्ये. प्राणवायू कमी पडल्याचं पेशींना कळतं कसं, याचा उलगडा करणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

मधल्या काळात एक मोठा वाद झाला. इंग्लंडचे जोसेफ बारक्रॉफ्ट १९२१-२२ च्या हिवाळ्यात पेरूतल्या सेरो दे पास्कोला गेले आणि उंचावर राहणारी माणसं शरीराने व बुद्धीने उणी असतात, असं लिहून मोकळे झाले. स्वतः उंचीने बेजार झालेल्या पाहुण्याने पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबणाऱ्यांना उणं ठरवावं, हे अन्यायाचंच होतं. पेरूचे कार्लोस मोंगे यांनी त्याला ठाम विरोध केला. पण त्याच मोंगे यांनी १९२५ मध्ये उलट बाजूही दाखवली : काही डोंगरवासीयांचं रक्त इतकं दाट होतं की ओठ निळे पडतात, डोकं दुखतं, झोप उडते, हृदयावर ताण येतो. आज १०० मिलिलिटर रक्तामागे पुरुषात २१ आणि स्त्रीत १९ ग्रॅमला हिमोग्लोबिन पोचलं की या आजाराचा विचार करतात. खरा उपाय एकच, खाली उतरणं.

मग तिबेटी लोकांनी सगळ्यांना विचारात पाडलं. सिंथिया बील आणि इतरांच्या मोजण्यांतून दिसलं की सारख्याच उंचीवर तिबेटींचं हिमोग्लोबिन पेरूकडच्या अँडीज पर्वतातल्या लोकांपेक्षा बरंच कमी असतं, तरी ते दमदार. २०१० मध्ये त्यांच्यातला ईपास१ या जनुकातला भेद सापडला. २०१५ च्या एका अभ्यासात तर कमी हिमोग्लोबिनच्या तिबेटी पुरुषांची व्यायामक्षमता जास्त भरली. रक्त फार घट्ट झालं की ते ढकलायला हृदयाला जोर लागतो, आणि प्राणवायू वाढवून जे कमावलं ते तिथे गमावलं जातं.

म्हणून लेहला रक्त वाढल्यावरही मैदानावरचा १६०० मीटर धावण्याचा वेळ तसाच परत येईल, ही आशा धरू नये. १,५०० मीटरच्या वर दर १०० मीटरला प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता साधारण एक टक्क्याने घटते, म्हणजे लेहला पाचवा हिस्सा कमी. सवयीने सुधारतं ते बेताच्या चालीचं काम.

आपल्याकडे उंचीवर सावकाश चढण्याचा धडा १९६२ च्या युद्धात कडू अनुभवातून मिळाला. जवानांना घाईने उंचीवर न्यावं लागलं. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी उंचीच्या त्रासाने आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. आज लष्करात ठरलेले टप्पे आहेत : पहिल्या टप्प्याला ६ दिवस, त्यातले पहिले दोन नुसत्या विश्रांतीचे, मग पुढच्या दोन टप्प्यांना ४-४ दिवस.

आता मराठवाड्यातल्या घरांसाठी महत्त्वाचं, लोहाचं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. पाच लिटर रक्तात हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरला २ ग्रॅमने चढवायचं तर १०० ग्रॅम नवं हिमोग्लोबिन, म्हणजे ३४० मिलिग्रॅम लोह लागतं. जेवणातून अंगी लागतं ते दिवसाला १-२ मिलिग्रॅम. उरलेलं साठ्यातून काढावं लागतं, आणि साठा रिकामा असेल तर मगजाला हुकूम जाऊनही काम होत नाही. नुसतं हिमोग्लोबिन बघून हे कळत नाही. निघायच्या दोन महिने आधी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा सांगणारा रक्तातला आकडा, तपासा. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपलेला आहे, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा. बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं चांगलंच, पण त्यावर लगेच चहा नको, लिंबू पिळा. आणि रक्ततपासणीच्या शिबिरात बोट दाबून दाबून थेंब काढला तर अंगातलं पाणी मिसळून आकडा खोटाच खाली येतो.

किनवट-माहूरकडच्या पोरांनी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, तपासणीही करून घ्यावी. एरवी धडधाकट असलेल्या वाहकालाही उंचीवर डाव्या बरगडीखाली अचानक कळ येऊ शकते, ती प्लीहेची असते, आणि त्याला ताबडतोब खाली आणावं लागतं.

सुट्टीवर घरी आल्यावर उलटी गोष्ट घडते. लेहला १७ असलेलं हिमोग्लोबिन काही आठवड्यांत १५ वर येतं आणि आई घाबरते. जादा पेशी शरीर स्वतःच मोडतं, त्यांतलं लोह परत साठ्यात जातं. त्यासाठी टॉनिकची बाटली आणायची गरज नाही.