शेंगेन व्हिसाचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि सीमेवरची तपासणी

शेंगेन व्हिसाचा अर्ज आपण जर्मनीच्या, फ्रान्सच्या किंवा नेदरलँड्सच्या नावाने भरतो, परंतु हातात पडणारा परवाना त्या एका देशाचा नसतो. लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या गावी १४ जून १९८५ रोजी बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी आपापसांतील सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार केला. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. युरोपीय संघातील २५ देश, शिवाय आइसलँड, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि लिक्टेनस्टाइन. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरील सीमांसह पूर्णपणे सामील झाले. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात असूनही या व्यवस्थेत नाहीत आणि ब्रिटनचा व्हिसा तर सर्वस्वी वेगळा आहे.

आतल्या सीमा उघड्या केल्या की बाहेरचे दार सर्वांचे एकच होते. एका देशाच्या वाणिज्य दूतावासाने दिलेल्या व्हिसावर बाकीच्या अठ्ठावीस देशांतही जाता येते आणि एका देशाने दिलेला नकार बाकीच्यांना सामाईक संगणकीय नोंदींत दिसतो. अर्जातील जवळजवळ प्रत्येक अट या एका गोष्टीतून निघालेली आहे. ती ध्यानात घेऊन कागद जमवले, तर कोणता कागद कशासाठी मागितला आहे हे अर्जदाराला आपले आपणच उमगते.

भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटन, नातेवाइकांची भेट, व्यवसायाची बैठक, परिषद किंवा अल्पकालीन उपचार यांसाठी जायचे असेल, तर हा व्हिसा लागतो. नोकरीसाठी किंवा ९० दिवसांपेक्षा जास्त काळाच्या शिक्षणासाठी संबंधित देशाचा स्वतंत्र राष्ट्रीय व्हिसा काढावा लागतो. पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन तेथे नोकरी शोधू, मग व्हिसा बदलून घेऊ, हा विचार कोणी सुचवला तरी मनातून काढून टाकावा. जर्मनीत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या ज्या मुलामुलींकडे तेथील वैध निवास परवाना आहे, त्यांना फ्रान्स किंवा इटलीत अल्पकाळ फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. ईटियास नावाच्या ऑनलाइन परवानगीची जाहिरात करून पैसे मागणारी संकेतस्थळे दिसतात. ती परवानगी व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांचा तिच्याशी संबंध नाही.

गोव्याच्या वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ती अनेकांना माहीत नसते. ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे ते युरोपीय संघाचे नागरिक असल्याने त्यांना व्हिसाची गरज नाही. अशी व्यक्ती पोर्तुगालखेरीज संघातील दुसऱ्या देशात, समजा जर्मनीत, राहत असेल आणि भारतीय पासपोर्ट असलेला जोडीदार, २१ वर्षांखालील मुले किंवा तिच्यावर अवलंबून असलेले आईवडील तिच्याकडे जाणार असतील, तर त्यांचा अर्ज २००४ च्या मुक्त संचाराच्या निर्देशानुसार विनाशुल्क आणि जलद निकाली काढला जातो. अर्जात या नात्याचा स्पष्ट उल्लेख आणि त्याचा पुरावा मात्र हवा.

राहण्याची कमाल मुदत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस अशी आहे आणि सर्वाधिक गोंधळ याच नियमाबाबत होतो. मुलीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईला वाटते की, अमेरिकेला गेलेल्या शेजारणीप्रमाणे आपणही सहा महिने राहू. ते येथे शक्य नाही. समजा आई १० जानेवारी २०२७ रोजी म्युनिकला उतरली, तर तिचा नव्वदावा दिवस ९ एप्रिलला येतो, कारण उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजणीत धरले जातात. त्यानंतर ८ जुलैपर्यंत तिला २९ पैकी कोणत्याही देशात राहता येणार नाही. ९ जुलैला १० जानेवारी हा दिवस मागील १८० दिवसांच्या बाहेर पडतो आणि वैध व्हिसा असेल तर ती पुन्हा जाऊ शकते. मधले काही दिवस स्वित्झर्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रियात काढल्याने मोजणी थांबत नाही. तेथे असताना मुदतवाढ मिळते ती गंभीर आजारासारख्या अपरिहार्य, मानवतावादी किंवा गंभीर वैयक्तिक कारणासाठीच. बाळाला सांभाळायला कोणी नाही, हे कारण सहसा ग्राह्य धरले जात नाही. म्हणून प्रसूतीची तारीख पाहून, हे नव्वद दिवस नेमके केव्हा सर्वांत उपयोगी पडतील, याचा विचार तिकीट काढण्यापूर्वीच करावा.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे आपल्या सोयीवर ठरत नाही. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे किंवा जो प्रवासाच्या हेतूने मुख्य आहे, त्या देशाकडे अर्ज करावा. असा मुख्य देश ठरवता येत नसेल, तर ज्या देशात प्रथम पाऊल टाकणार त्याच्याकडे करावा. अमुक देश व्हिसा लवकर देतो म्हणून त्याच्या नावाने हॉटेल दाखवायचे आणि प्रत्यक्षात दुसरीकडेच राहायचे, हा सल्ला काही दलाल सर्रास देतात. असा व्हिसा सीमेवर रद्द होऊ शकतो आणि त्याची नोंद राहते.

प्रवासाच्या तारखेच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. मे महिन्याच्या सुटीत जाणाऱ्यांनी जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घेतलेली बरी. बहुतेक देशांचे अर्ज मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील बाह्य सेवा केंद्रांत स्वीकारले जातात, परंतु ही केंद्रे फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतात. निर्णय वाणिज्य दूतावासाचाच असतो. केंद्रातील कर्मचाऱ्याने ‘चालेल’ म्हटले म्हणजे अर्ज मान्य झाला असे नाही, आणि ‘आत ओळख आहे’ म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात किमान दोन कोरी पाने असावीत. त्यासोबत पूर्ण भरून सही केलेला अर्ज, नवे छायाचित्र, प्रवासाचा आराखडा, निवासाचा पुरावा आणि प्रवास वैद्यकीय विमा लागतो. विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे, सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांसाठी असावे, आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयातील भरती, मायदेशी परत आणण्याचा खर्च आणि मृत्यू या बाबी यायला हव्यात. आईवडिलांना रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर आधीपासूनच्या आजारांबाबत पॉलिसीत काय लिहिले आहे ते ओळ न ओळ वाचावे. व्हिसासाठी स्वस्त पॉलिसी पुरते, आजारपणात पुरेलच असे नाही.

उरलेल्या कागदांनी तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात: कशासाठी जाता, खर्च कोण करणार, आणि परत येणार हे कशावरून. पहिल्यासाठी निमंत्रणपत्र किंवा आरक्षण पुरते. दुसऱ्यासाठी बँकेचे खातेउतारे आणि आयकर विवरणपत्रे लागतात. किती महिन्यांचे उतारे, हे त्या देशाच्या यादीत पाहावे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम दोन-तीन लाख रुपये भरले, तर ते अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. मुलाने पैसे पाठवले असतील तर तसे पत्रात सरळ लिहावे. खर्चाची हमी मुलगा किंवा मुलगी देणार असेल, तर प्रत्येक देशाची पद्धत वेगळी आहे. जर्मनीत यजमानाला परकीय नागरिक कार्यालयात जाऊन ‘फरफ्लिख्टुंग्सएरक्लेरुंग’ हे औपचारिक हमीपत्र करावे लागते आणि त्यामुळे पाहुण्याच्या उपचारांपर्यंतच्या खर्चाची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर येते. फ्रान्समध्ये घरी राहणाऱ्या पाहुण्यासाठी नगरपालिकेकडून निवासाचा दाखला घ्यावा लागतो. ही कामे तिकडे वेळ घेतात, म्हणून इकडच्या अपॉइंटमेंटच्या बऱ्याच आधी सुरू करावीत.

तिसऱ्या प्रश्नाकडे बहुतेक अर्जदार पुरेसे लक्ष देत नाहीत. नोकरदाराने रजा मंजुरीचे पत्र आणि पगाराच्या पावत्या, दुकानदाराने जीएसटी नोंदणी, निवृत्ताने निवृत्तिवेतनाचा आदेश आणि शेतकऱ्याने सातबारा उतारा जोडावा. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे, कारण सातबाऱ्यावर काय लिहिले आहे हे तिकडच्या अधिकाऱ्याने समजून घ्यावे अशी अपेक्षा करता येत नाही. घरी राहणारी पत्नी, वृद्ध आईवडील, शिकणारी मुले यांचा उल्लेखही पत्रात करावा, कारण माणसाला घरी परत आणणारे हेच खरे बंध असतात आणि ते लिहिल्याशिवाय अधिकाऱ्याला कळणार नाहीत.

आमच्या घरी आईच्या अर्जाच्या वेळी अडचण आली ती नावाची. पासपोर्टवर वडिलांचे नाव मधल्या नावात होते, बँकेच्या पुस्तकात फक्त आद्याक्षर होते आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरी हाक मारायचे नाव लिहिलेले होते. तिन्ही नावे एकाच बाईची आहेत हे आम्हाला ठाऊक होते; कागदांवरून मात्र त्या तीन वेगळ्या व्यक्ती वाटत होत्या. विवाह प्रमाणपत्र आणि नावांबाबतचे प्रतिज्ञापत्र जोडल्यावर प्रश्न सुटला. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलण्याची रीत असल्याने महिलांच्या अर्जात हे वारंवार घडते. तेव्हा सर्व कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून नाव, जन्मतारीख आणि पत्ता एकेका अक्षराने ताडून पाहावेत.

व्हिसा शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालील मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. सेवा केंद्राचे शुल्क वेगळे असते आणि नकार मिळाला तरी शुल्क परत मिळत नाही. दहाही बोटांचे ठसे घेतले जातात. बारा वर्षांखालील मुलांना त्यातून सूट आहे आणि एकदा दिलेले ठसे सर्वसाधारणपणे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात. निर्णय १५ दिवसांत अपेक्षित असतो, तथापि अधिक तपासणी हवी असेल तर तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो.

व्हिसाचे स्टिकर हाती आले की तेथल्या तेथे वाचावे. त्यावर वैधतेच्या दोन तारखा असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. दोन तारखांमधील सगळे दिवस राहता येते, असा अर्थ घेऊ नये. प्रवेशांच्या रकान्यात एकच प्रवेश लिहिला असेल आणि पॅरिसहून रेल्वेने लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचे असेल, तर परत येता येणार नाही. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये दिलासा देणारा नियम केला: मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळून ते नियमानुसार वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरेशी असल्यास, सामान्यतः पाच वर्षांचा. वेळेवर परत येण्याचा हा प्रत्यक्ष लाभ आहे.

नकार आला तर त्याची कारणे ठरावीक नमुन्यात लेखी मिळतात. अपील करण्याचा हक्क आहे, परंतु ते त्या देशाच्या कायद्याप्रमाणे करावे लागते. जर्मनीने वाणिज्य दूतावासाकडे फेरविचार मागण्याची पद्धत १ जुलै २०२५ पासून बंद केल्याने तेथे आता न्यायालयाचाच मार्ग उरला आहे. पूर्वी नकार मिळाला म्हणून नवा अर्ज आपोआप नाकारला जात नाही. कारण वाचून, नेमकी तीच उणीव भरून पुन्हा अर्ज करणे बहुतेकांना अपिलापेक्षा सोपे पडते. मात्र आधीचा नकार लपवू नये. खोटे आरक्षण किंवा बनावट खातेउतारा तर कधीच जोडू नये.

परत येण्याविषयी इतकी चौकशी का होते, याचे एक कारण आश्रयाच्या नियमांत आहे. डब्लिन नियमांनुसार आश्रयाच्या अर्जाची जबाबदारी एकाच देशावर येते, आणि एखादी व्यक्ती व्हिसा घेऊन आलेली असेल तर सामान्यतः तो व्हिसा देणाऱ्या देशावर. २०२४ मध्ये संमत झालेल्या आणि १२ जून २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठरलेल्या नव्या कायद्यांतही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे वाणिज्य दूतावासातील अधिकारी स्टिकर चिकटवतो तेव्हा आपल्या देशाच्या वतीने एक जबाबदारीही स्वीकारतो. ‘पर्यटक म्हणून जा, तिकडे आश्रय माग, काम करायला मोकळा’ असे सांगून लाखो रुपये घेणारे लोक तरुणांचे आयुष्य उद्ध्वस्त करतात. आश्रय हा छळापासून किंवा गंभीर हानीपासून जीव वाचवण्यासाठी आलेल्या माणसाचा हक्क आहे. कामासाठी आलेल्याचा अर्ज नाकारला जातो, बोटांचे ठसे युरोडॅक या नोंदींत राहतात, परत पाठवणी होते आणि प्रवेशबंदी लागली तर ती सर्व शेंगेन देशांत लागू होते.

व्हिसा असला तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय सीमेवरील अधिकाऱ्याचा असतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत शिक्क्याऐवजी चेहऱ्याचे छायाचित्र आणि येण्या-जाण्याच्या तारखा संगणकात नोंदल्या जातात, त्यामुळे एक दिवस जास्त राहिले तरी ते लगेच दिसते. अंतर्गत सीमांवरही काही देशांनी तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे. जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये ती आपल्या सर्व भूसीमांवर लागू केली. तेव्हा जर्मनीहून ऑस्ट्रियातील साल्झबुर्गला एका दिवसासाठी जातानाही पासपोर्ट घरी ठेवू नये. एकट्याने प्रथमच जाणाऱ्या आईवडिलांजवळ निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट, विमा, मुलाचा पत्ता आणि फोन क्रमांक यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत द्याव्यात. मोठ्या बॅगेत ठेवलेले कागद तपासणीच्या खिडकीपाशी हाती येत नाहीत, कारण ती बॅग तपासणीनंतरच मिळते.