जुनी गाडी सुरू होत नसेल तर: इंधनपुरवठ्याच्या तपासणीविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सेल्फ मारल्यावर इंजिन जोमाने फिरते पण सुरू होत नाही, अशी तक्रार असलेली जुनी गाडी आमच्याकडे येते, तेव्हा निदानही बहुधा गाडीबरोबरच आलेले असते: इंधन पंप गेला असावा. पंप जातो, हे खरे आहे. परंतु तुंबलेला फिल्टर, गंजलेली अर्थिंगची जोडणी, भेगा पडलेला रबरी पाइप, बुजलेले टाकीचे हवाछिद्र आणि कधी कधी नुसती रिकामी टाकी, या सर्वांची बाहेरून दिसणारी लक्षणे पंप गेल्यासारखीच असतात. तपासणी न करता पंप बदलला, तर मूळ दोष तसाच राहतो आणि गाळ किंवा गंज हेच कारण असेल तर नवा पंपही लवकर खराब होतो. म्हणून इंधन टाकीपासून इंजिनापर्यंत नेमके कोठवर पोहोचते आहे, हे मोजून पाहिल्याशिवाय आम्ही कोणताही भाग बदलण्याचा सल्ला देत नाही. ही तपासणी कशी होते, तिच्यातील किती भाग आपण स्वतः करू शकता आणि कोठे थांबणे योग्य, हे या पत्रकात सांगितले आहे.

दोष इंधनाचाच आहे का?

पेट्रोल इंजिन सुरू होण्यासाठी हवा, योग्य प्रमाणात इंधन, पुरेसे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाणे) आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी आवश्यक असते. यांपैकी इंधन आणि ठिणगी यांची गल्लत सर्वाधिक होते. सेल्फ संथ फिरत असेल तर आधी बॅटरी पाहावी, कारण बॅटरी अशक्त असताना ठिणगीही क्षीण पडते आणि विजेवर चालणारा इंधन पंपही पुरेसा दाब देत नाही. त्या अवस्थेत केलेल्या इतर कोणत्याही तपासणीचा निष्कर्ष भरवशाचा नसतो.

बॅटरी चांगली असेल तर काही सेकंद सेल्फ मारून लगेच एक स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) काढून पाहिला जातो. प्लग पूर्णपणे कोरडा असेल तर इंधन सिलिंडरपर्यंत येत नाही. तो पेट्रोलने ओला असेल तर इंधन येत आहे, मात्र एकतर ठिणगी पडत नाही किंवा इंधन गरजेपेक्षा जास्त येऊन इंजिन ओव्हर झाले आहे. ओव्हर झालेल्या, कार्बोरेटरच्या (हवा व पेट्रोल मिसळून देणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) गाडीत ॲक्सिलरेटर वारंवार न मारता तळापर्यंत दाबून धरावा आणि मग सेल्फ मारावा, म्हणजे जास्तीचे पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडते. इंजेक्शनच्या (इंधन दाबाने फवारणाऱ्या) अनेक गाड्यांत हीच कृती केल्यावर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट सेल्फ फिरत असेपर्यंत इंधन बंद ठेवते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये त्याला थंड होऊ द्यावे. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) असेल तर ही मर्यादा विशेष पाळावी, कारण न जळलेले इंधन त्यात साचून नंतर तेथेच पेट घेते आणि तो भाग कायमचा निकामी होऊ शकतो.

सुरक्षिततेविषयी

पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानालाही पेट घेण्याइतकी तयार होते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात किंवा बंद गॅरेजच्या कोपऱ्यात साचून राहते. म्हणून इंधनाचा कोणताही पाइप सोडवण्यापूर्वी गाडी मोकळ्या हवेत आणावी, बॅटरीची ऋण वायर काढावी आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन बंद असतानाही पाइपमध्ये दाब असतो आणि तो उतरवल्याशिवाय पाइप सोडवल्यास पेट्रोलचा फवारा गरम भागांवर उडतो. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याचा जुना उपाय अनेकांना ठाऊक आहे. तो करू नये, कारण बॅकफायर झाल्यास आगीचा लोळ थेट माणसाच्या चेहऱ्यावर येतो.

टाकी आणि तिच्यातील इंधन

काटा पाव टाकी दाखवतो म्हणून टाकीत इंधन आहे असे समजू नये. जुन्या गाडीत टाकीतील तरंगक अडकतो किंवा त्याची वायर खराब होते आणि काटा चुकीचे सांगू लागतो. शंका असल्यास पाच लिटर इंधन घालून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी आहे. त्यानंतर टाकीचे झाकण उघडावे. उघडताना हवा जोरात आत ओढली गेल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर टाकीचे हवाछिद्र बुजले आहे असे समजावे. हवा आत येत नसल्यामुळे टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि चांगला पंपही इंधन ओढू शकत नाही. अशी गाडी थोडी चालून बंद पडते, काही वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते आणि मालकाला गोंधळात टाकते.

गाडी अनेक महिने उभी राहिली असेल तर इंधनाचे वय विचारात घ्यावे लागते. पेट्रोलमधील लवकर उडून जाणारे घटक, ज्यांच्यामुळे थंड इंजिन पेट घेते, आधी नाहीसे होतात आणि उरलेल्या भागातून चिकट राळ तयार होऊन जेट (पेट्रोलची बारीक भोके), सुई (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी झडप) आणि इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) यांत बसते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा फार झाल्यास पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी, म्हणजे नेमका पंप जेथून इंधन ओढतो तेथे, जाऊन बसतो. अशा पेट्रोलसाठी न बनवलेले जुन्या गाडीतील रबरी पाइप आणि डायफ्रॅमही (पंपातील लवचीक पडदेही) इथेनॉलमुळे मऊ पडतात किंवा तडकतात. आंबूस, वार्निशसारखा वास येणाऱ्या पेट्रोलमध्ये नवे पेट्रोल मिसळून काम भागवण्यापेक्षा टाकी रिकामी करून आतून पाहणे आम्ही अधिक योग्य मानतो.

कार्बोरेटरच्या गाड्या

एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात पाहत थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) हाताने झटक्यात उघडला, तर बहुतेक कार्बोरेटरमध्ये ॲक्सिलरेटर पंपातून (कार्बोरेटरमधीलच छोट्या पंपातून) पेट्रोलची बारीक धार आत पडताना दिसते. धार पडली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधील पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) पेट्रोल आहे आणि शोध चोक, जेट किंवा ठिणगी यांकडे वळवावा. धार पडली नाही तर चेंबर रिकामा असण्याची शक्यता मोठी असते. गाडी काही आठवडे उभी असल्यास चेंबरमधील पेट्रोल आपोआप उडून जाते आणि इंजिनावर चालणाऱ्या पंपाला ते पुन्हा भरायला सेल्फचे दोन-तीन प्रयत्न लागतात. हा बिघाड नव्हे.

त्यानंतरही चेंबर भरत नसेल तर पंपाचा बाहेर जाणारा पाइप एका धातूच्या भांड्यात सोडून, ठिणगी पडणार नाही अशी व्यवस्था करून, सेल्फ मारला जातो. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात आले तर पंप चांगला आहे आणि अडथळा पुढे, बहुधा राळेने चिकटलेल्या सुईत, आहे. पेट्रोल आले नाही, तरी पंपाला लगेच दोष देऊ नये. टाकी आणि पंप यांच्यामधील रबरी पाइपला बारीक भेग पडली असेल तर तेथून पेट्रोल गळत नाही, कारण त्या बाजूला दाब नसून ओढ असते. भेगेतून हवा आत जाते आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत राहतो. जमीन कोरडी आहे म्हणून पाइप ठीक आहेत, हा निष्कर्ष येथे फसतो. पंपाला टाकीऐवजी डब्यातून थोड्या लांबीच्या नव्या पाइपने पेट्रोल दिले की दोष पंपाचा की पाइपचा हे लगेच कळते. यांत्रिक पंपाचा दाब साधारण ०.२ ते ०.४ बार एवढाच असतो, त्यामुळे थोडी हवाही त्याला पुरेशी अडचण करते. पंपाचा डायफ्रॅम फाटला असेल तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइलची पातळी वाढलेली असेल, तर इंजिन मुळीच फिरवू नये.

उन्हात चालवून थोडा वेळ उभी केलेली गाडीच सुरू होत नसेल, आणि थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर पाइपमध्ये पेट्रोलची वाफ अडकत असावी. पंपावर ओला कपडा ठेवल्याने गाडी सुरू झाली, तर कारण सापडले असे समजून पाइपचा मार्ग आणि उष्णतारोधक पत्रा तपासावा.

इंजेक्शनच्या गाड्या

किल्ली ऑन केल्यावर बहुतेक गाड्यांत टाकीतील पंप सुमारे दोन सेकंद गुणगुणतो. हा आवाज मागच्या सीटजवळ कान देऊन ऐकावा. आवाज नसेल तर आपण फ्यूज आणि रिले (पंपाला वीज देणारा स्विच) पाहू शकता, आणि ज्या गाडीत धक्का बसल्यावर पंप बंद करणारा स्विच असतो तेथे तो पाहण्यास विसरू नये. पुढचे काम मीटरचे आहे. पंपाच्या विजेच्या जोडणीवरील व्होल्टेज पंप जोडलेला असतानाच मोजले पाहिजे, कारण गंजलेली जोडणी भार नसताना पूर्ण १२ व्होल्ट दाखवते आणि पंप चालू होताच व्होल्टेज कोसळते. दोष असा सापडला की एक जोडणी साफ करून काम भागते.

पंपाचा आवाज येतो म्हणजे दाब येतो असे नाही. सिलिंडरनिहाय इंजेक्टर असलेल्या बऱ्याच जुन्या पेट्रोल गाड्यांत २.५ ते ३.५ बारच्या आसपास दाब लागतो, परंतु नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावा लागतो. दाब योग्य असला तरी आम्ही ठराविक वेळात किती इंधन येते हेही मोजतो, कारण तुंबलेल्या फिल्टरच्या पुढेही प्रवाह थांबलेला असताना दाब हळूहळू पूर्ण होतो. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागत असेल, तर पंप बंद केल्यावर दाब टिकतो का, हे पाहिले जाते. दाब लगेच उतरत असेल तर पंपातील झडप, रेग्युलेटर (दाब नियंत्रित करणारा भाग) किंवा गळका इंजेक्टर यांवर संशय असतो. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोल आढळल्यास त्याचा डायफ्रॅम फाटलेला असतो. दाब आणि प्रमाण दोन्ही ठीक असून इंजेक्टरला विद्युत्संकेतच मिळत नसेल, तर दोष इंधनमार्गाच्या बाहेर, अनेकदा क्रँकशाफ्ट सेन्सरमध्ये (इंजिनाचे फिरणे ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये), असतो. अशा वेळी बहुधा ठिणगीही गायब असते.

डिझेलच्या गाड्या

डिझेलमध्ये ठिणगीचा प्रश्न नाही, म्हणून सायलेन्सरकडे पाहावे. सेल्फ मारताना धूर मुळीच येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत जात नाही. पांढरट धूर येत असेल तर ते जात आहे पण जळत नाही, आणि तेव्हा ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग), कॉम्प्रेशन किंवा टायमिंग तपासावे लागते. फिल्टर बदलल्यानंतर किंवा टाकी रिकामी झाल्यानंतर लाइनमध्ये हवा धरणे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे, आणि हातपंप असलेल्या गाडीत तो कडक होईपर्यंत मारल्यास बहुधा गाडी सुरू होते. गाडी रोज सकाळी हवा धरत असेल तर हवा कोठून तरी आत येत आहे. पाइपमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे पाहिले की कोणत्या बाजूला शोधायचे ते कळते. जुन्या इंजेक्शन पंपावरील स्टॉप सोलेनॉइडला (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेला) किल्ली ऑन करताच वीज मिळून ‘टक्’ असा आवाज यावा लागतो. तो अडकला तर बाकी सर्व ठीक असूनही डिझेल पुढे जात नाही. इंजेक्टरच्या पाइपला कधीही हात लावू नये. तेथील फवारा कातडी भेदून आत शिरतो आणि जखम लहान दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. ग्लो प्लगच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारणेही टाळावे, कारण तो तप्त प्लगवर अवेळी पेट घेऊन पिस्टन फोडू शकतो.

गाडी आमच्याकडे आणताना

गाडी शेवटची केव्हा चालली, बंद पडताना धक्के देत पडली की एकदम, थंड असताना त्रास होतो की गरम असताना, आणि इंधन शेवटचे केव्हा भरले, एवढे आपण लिहून दिल्यास तपासणीचा बराच वेळ वाचतो. एकदम बंद पडलेल्या गाडीत आम्ही विजेच्या बाजूने सुरुवात करतो आणि आचके देत बंद पडलेल्या गाडीत फिल्टर व टाकीच्या बाजूने. गाडी टो करून आणण्यापूर्वी टाकी रिकामी करू नये किंवा तीत कोणतेही ॲडिटिव्ह टाकू नये, कारण तळाचा नमुना आम्हाला पाहावयाचा असतो. आपण फिल्टर नुकताच बदलला असेल तर जुना फिल्टर न फेकता डब्यात घालून सोबत आणावा. तो कापल्यावर तांबडा गंज, राळ, पाणी किंवा रबराचे काळे कण यांपैकी जे आढळेल, त्यावरून टाकी, इंधन आणि पाइप यांपैकी प्रथम काय तपासायचे ते ठरवता येते.