दारिद्र्य निर्मूलनाच्या हिशेबात छोटी मासेमारी कुठे आहे?

उत्पन्नाऐवजी आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांवरून गरिबी मोजणाऱ्या जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकासाठी कुटुंबाची मालमत्ता तपासताना रेडिओ, दूरचित्रवाणी संच, सायकल, फ्रिज यांच्याबरोबर जनावरांनी ओढायची गाडीही मोजली जाते. होडी आणि जाळी मात्र त्या यादीत नाहीत. त्यामुळे वादळात होडी फुटून एखाद्या कुटुंबाचे कमाईचे साधन एका रात्रीत गेले, तरी या मापनात त्याची थेट नोंद होत नाही.

वास्तविक हे क्षेत्र किरकोळ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सहयोगी संस्थांसह केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जगात समुद्र, नद्या आणि तलावांतून पकडल्या जाणाऱ्या मासळीपैकी सुमारे ४० टक्के मासळी छोटे मच्छीमार पकडतात आणि या व्यवसायातला सुमारे ९० टक्के रोजगार त्यांच्याकडे आहे. तरीही धोरणे ठरतात ती टनांवर. भारतात २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचे उत्पन्न दुप्पट करण्याचा उल्लेख आहे, पण तिची ठळक उद्दिष्टे २२० लाख टन उत्पादन आणि एक लाख कोटी रुपयांची निर्यात ही होती.

उत्पादन वाढले की गरिबी हटते, हे गृहीतक किनाऱ्यावर टिकत नाही. मासळी नाशवंत, तिची आवक रोज बदलणारी आणि डिझेल, बर्फ, जाळी यांचा खर्च मात्र आधीच करावा लागणारा. म्हणून मच्छीमार व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि त्या बदल्यात मासळी त्यालाच, पुष्कळदा त्याने ठरवलेल्या भावाने, देणे भाग पडते. अशा वेळी वाढलेल्या मासळीचा मोठा लाभ उचल देणाऱ्याच्या पदरात पडतो. शिवाय समुद्र सामाईक असल्याने मोठ्या यांत्रिक नौकांना दिलेले अनुदान किनाऱ्यालगतच्या छोट्या होडीच्या वाट्याची मासळीही ओढून नेऊ शकते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. अनेक जातींच्या प्रजननाचा हा काळ असल्याने ती बंदी योग्यच आहे. मात्र बंदी आणि कमी मासळीच्या काळासाठीच्या योजनेत मच्छीमाराचे स्वतःचे १,५०० आणि शासनाचे ३,००० रुपये मिळून तीन महिन्यांत ४,५०० रुपये हाती येतात, म्हणजे महिन्याला १,५००. एवढ्यात घर चालत नाही आणि उचल वाढते.

२०१४ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी छोट्या मासेमारीला शीर्षकातच अन्नसुरक्षा आणि दारिद्र्य निर्मूलनाशी जोडले आहे. महाराष्ट्रानेही एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, हे स्वागतार्ह पाऊल आहे. पण या दर्जामुळे मिळणारी वीजदरातली सवलत तळे किंवा शीतगृह असलेल्यालाच उपयोगी पडते. दुसऱ्याच्या होडीवर राबणारा खलाशी आणि बोंबील, जवळा सुकवून बाजारात विकणारी कोळीण यांच्याकडे तारण ठेवण्याजोगे काहीच नसते. त्यांना कर्ज, विमा आणि बंदीकाळातील मदत मिळायची, तर पात्रता नौकेच्या मालकीवर नव्हे, प्रत्यक्ष कामावर ठरवावी लागेल.