महागडा नवा फोन मनासारखा निघाला नाही, तर

सप्रेम नमस्कार,

लाखाच्या घरातला फोन घेऊन गेलेले काही ग्राहक आठ-दहा दिवसांनी पुन्हा दुकानात येतात. फोन काउंटरवर ठेवतात, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते बघतात आणि म्हणतात, "दादा, चांगलाय, पण..." त्या 'पण'च्या पुढे बरंच काही असतं. फोन तापतो, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, फोटो जाहिरातीसारखे येत नाहीत, किंवा दोन वर्षांपूर्वीच्या फोनपेक्षा काही वेगळं जाणवतच नाही. कोणी वर्षभर पैसे साठवलेले असतात, कोणी २४ हप्ते बांधून घेतलेले असतात. घरी बोलायची चोरी, कारण "एवढे पैसे घालू नकोस" हे घरच्यांनी आधीच सांगितलेलं असतं.

सांगलीत इतकी वर्षं फोन विकताना आणि दुरुस्त करताना आम्ही हे पुष्कळ पाहिलं आहे, म्हणून हे पत्रक प्रत्येक महागड्या फोनच्या बॉक्ससोबत देतो. आमचं म्हणणं एवढंच की, तुमचा फोन नाराज करत असेल तर आधी ती त्याची खोट आहे की त्याचा स्वभाव, हे ठरवून घ्या. खोट असेल तर फोन दुरुस्त करून किंवा बदलून मिळाला पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. स्वभाव असेल तर तो कोणीही बदलून देणार नाही. थोडी सेटिंग करून त्याच्याशी जुळवून घेता येतं. आणि हे ठरवायला दिवस मोजके असतात, कारण बदलून मिळायची मुदत कंपनीगणिक वेगळी असली तरी ती बहुतेक वेळा दिवसांतच मोजलेली असते. दोन महिने मनात ठेवून मग आलात तर आमचेही हात बांधलेले असतात.

पहिले आठ दिवस

सगळ्यात जास्त तक्रार तापण्याची येते, आणि तीच बहुतेक वेळा आपोआप मिटते. जुन्या फोनमधून सगळं नव्यात आणलं की फोनला मागे बरंच काम असतं. शेकडो ॲप उतरवायची, गॅलरीतले हजारो फोटो चाळून चेहरे ओळखायचे, व्हॉट्सॲपचा जुना साठा मांडायचा. हे काम तुम्ही फोन खिशात ठेवला तरी चालूच राहतं. म्हणून पहिले तीन-चार दिवस पाठ कोमट लागते आणि बॅटरी भराभर उतरते. त्या दिवसांत फोन रात्री वायफायवर आणि चार्जिंगला ठेवा, जाड कव्हर काढा, उशीखाली ठेवू नका.

कधीकधी गडबड कंपनीच्या सॉफ्टवेअरचीच असते. २०२३ च्या सप्टेंबरात आयफोन १५ प्रो बाजारात आला आणि जगभरातून तो तापत असल्याची ओरड झाली. नवी टायटॅनियमची चौकट उष्णता बाहेर जाऊ देत नाही, असा लोकांचा अंदाज होता. ॲपलने तो नाकारला आणि पहिल्या दिवसांतलं मागचं काम, आयओएस १७ या आयफोनच्या सॉफ्टवेअरमधली एक चूक आणि काही बाहेरच्या ॲपची नवी आवृत्ती ही कारणं सांगितली. ४ ऑक्टोबरला १७.०.३ हे अपडेट आलं, त्यात ती चूक दुरुस्त केली होती. म्हणून नवा फोन तापला की आमचा पहिला प्रश्न असतो, अपडेट केलाय का? फोन कंपनीच्या गोदामात पडून असताना दोन-तीन अपडेट येऊन गेलेले असतात.

आपल्याकडची हवाही धरा. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेत वापरावा, असं ॲपल स्वतः लिहिते. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेत दुपारी पारा ३८-४० ला सहज जातो. गाडीच्या काचेजवळ मॅप लावून ठेवलेला फोन तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी स्क्रीन मंद करतो. भर उन्हात नेमकी तेव्हाच स्क्रीन दिसेनाशी होते आणि चिडचिड होते. फोन बिघडलेला नाही. सावलीत न्या, दहा मिनिटं द्या.

पण आठ दिवसांनंतर, सगळं अपडेट करूनही, नुसता टेबलावर पडलेला फोन गरम होत असेल तर तो आमच्याकडे आणा. आणि मागची काच किंवा स्क्रीन कडेनं उचललेली दिसली, तर त्याच दिवशी आणा. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ बॅटरी पेट घेत असल्यामुळे परत मागवावा लागला. बदलून दिलेले फोनही पेटले आणि ऑक्टोबरात त्याचं उत्पादनच बंद झालं. तोही त्या वर्षीच्या सगळ्यात भारी फोनांपैकी एक होता. भारी फोनला खोट नसतेच, असं धरून चालू नका.

हळदीचा रंग

आता स्वभावाची गोष्ट. मार्केट यार्डातले एक हळद व्यापारी आमचे जुने ग्राहक. नव्या हळदीचे सौदे चालू असताना त्यांनी एका कंपनीचा सगळ्यात वरचा फोन घेतला, तोही फक्त कॅमेऱ्यासाठी. मालाचे फोटो बाहेरगावच्या खरेदीदारांना पाठवायचे, त्यावर बोलणी करायची, हा त्यांचा रोजचा व्यवहार. पंधरा दिवसांत एका खरेदीदाराचा फोन आला की, फोटोत रंग वेगळा होता. ते तडक दुकानात आले, पिशवीतून मूठभर राजापुरी हळकुंडं काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "लाख रुपये घालून हळद हळदीसारखी दिसेना."

आम्ही पांढऱ्या कागदावर हळकुंडं मांडून फोटो काढला. त्यांचं म्हणणं खरं होतं. समोरचा माल मातकट पिवळा, फोटोतला केशरी, तुकतुकीत. तोच फोटो दुकानातल्या साध्या फोनवर पाहिला तर केशरीपणा थोडा कमी झाला. म्हणजे अर्धा दोष स्क्रीनचा होता. ती 'व्हिव्हिड' म्हणजे भडक रंगांवर लावलेली होती, ती 'नॅचरल'वर आणली. उरलेला अर्धा कॅमेऱ्याचा. हे फोन समोर काय आहे ते ओळखून रंग आपल्या मनाने खुलवतात. जेवण असेल तर जास्त लालसर, आकाश असेल तर जास्त निळं. कंपन्यांना ठाऊक आहे की दुकानात दोन फोन शेजारी ठेवले की गिऱ्हाईक उजळ फोटोवाला उचलतं. लग्नाच्या फोटोत तो रंग छान दिसतो. मालाच्या फोटोत तो नडतो.

मग आम्ही ते आपोआप खुलवणं बंद केलं, प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे सगळं हाताने ठरवता येतं तिथे, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं याची सेटिंग) कागदाच्या पांढऱ्यावरून पक्का केला, ट्यूबलाइटखालून उठून दाराशी उजेडात आलो. सहाव्या-सातव्या फोटोला रंग बराच जवळ आला. हुबेहूब आला नाही, हेही सांगतो. त्यांनी शेवटी मालाचे फोटो जुन्या फोनवरून काढायचे आणि बाकी सगळं नव्यावर, असं ठरवलं. फोनमध्ये खोट नव्हती, सर्व्हिस सेंटरनेही तेच सांगितलं असतं. पण विकायच्या आधी "कॅमेरा कशासाठी हवाय" हे आम्ही त्यांना विचारलं नव्हतं, ही आमची चूक झाली. आता प्रत्येकाला विचारतो.

आकडे मोठे, अर्थ वेगळा

२०० मेगापिक्सेलच्या, म्हणजे २० कोटी ठिपक्यांच्या, कॅमेऱ्याचा साधा फोटो २०० मेगापिक्सेलचा नसतो. उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरचे हे ठिपके इतके बारीक असतात की एकट्याला पुरेसा उजेडच मिळत नाही. म्हणून फोन १६ ठिपके एकत्र करून एक करतो आणि हातात साधारण १२ मेगापिक्सेलचा फोटो येतो. यात फसवणूक नाही, रात्रीचा फोटो त्यामुळेच बरा येतो. पण आकडा ऐकून १२ मेगापिक्सेलवाल्या फोनच्या सोळापट चांगल्या फोटोची अपेक्षा केली असेल तर मन खट्टू होणारच. १०० पट झूमचंही तेच. खऱ्या भिंगाचं झूम तीन, पाच, फार तर दहा पट. पुढचं सगळं फोटो ताणून आणि अंदाजाने रेषा भरून केलेलं असतं.

आयपी६८, म्हणजे फोन धूळ-पाणी किती अडवतो त्याचा दर्जा, याबद्दल जरा थांबून वाचा, कारण इथे पैसे जातात. ही चाचणी नव्या फोनवर, स्थिर आणि साध्या पाण्यात, ठरावीक खोलीवर, ठरावीक मिनिटं करतात. अनेक फोनसाठी दीड मीटर आणि ३० मिनिटं. समुद्राचं खारं पाणी, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, साबणाचं पाणी यांचा त्यात हिशेब नाही. फोन एकदा पडला, चौकट किंचित वाकली, किंवा कुठेतरी स्क्रीन उघडून बसवली की पाणी अडवणारं सीलही तसं राहत नाही. आणि पाणी आत गेल्यामुळे झालेला बिघाड बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत धरत नाहीत. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत किंवा आत एक पांढरी खूण असते. पाणी लागलं की ती लाल होते आणि सर्व्हिस सेंटरवाले आधी तीच बघतात. गणपतीपुळ्याला लाटांत उभं राहून व्हिडिओ काढलेले फोन दर सुट्टीनंतर आमच्याकडे येतात. मुलांचे हिरमुसलेले चेहरे बघवत नाहीत. कृपा करून फोन समुद्रात नेऊ नका.

चार्जिंगचा मुद्दा सोपा आहे. आयफोनच्या बॉक्समधून २०२० मध्ये आणि सॅमसंगच्या वरच्या फोनमधून २०२१ मध्ये अडॉप्टर गेला. घरातला जुना अडॉप्टर चालतो, पण हळू. सॅमसंगच्या ४५ वॉटच्या फोनला पूर्ण वेग हवा असेल तर पीपीएसचा (फोनला लागेल तसा विजेचा दाब कमी-जास्त करणारा) अडॉप्टर आणि ५ अँपिअरची केबल लागते. ८० टक्क्यांनंतर वेग मुद्दाम कमी होतो, तो बॅटरीच्या भल्यासाठी.

फोनची बॅटरी गावी गेलं की लवकर संपते, तेव्हा बहुधा दोष बॅटरीचा नसून रेंजचा असतो. टॉवर लांब असला की फोन जोर लावून शोधत राहतो. तिथे ५जी बंद करून ४जीवर ठेवा, फरक त्याच दिवशी दिसेल.

वेगाबाबत एकच गोष्ट. २०२२ मध्ये सॅमसंगच्या एस२२ मालिकेत गेमसाठीची एक सोय अनेक ॲपचा वेग कमी करत असल्याचं उघड झालं. ग्राहकांनी आवाज उठवला आणि कंपनीला अपडेट काढून निवड ग्राहकाच्या हाती द्यावी लागली. तक्रार केल्याने फरक पडतो, तो असा.

खोट असेल तर

ही खोट समजा: स्क्रीनवर उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ, समोरच्याला आपला आवाज तुटक ऐकू जाणं, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम टाकूनही रेंज न टिकणं, फोन आपोआप बंद होणं, कॅमेऱ्यात भिंगाच्या आत धूळ किंवा वाफ. असं काही दिसलं की त्याच दिवशी व्हिडिओ काढून ठेवा, कारण सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर फोन नेमका नीट चालतो.

फोन, बॉक्स, केबल आणि पावती घेऊन आमच्याकडे या. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबल्यावर दिसणारा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक), बॉक्सवरचा आणि पावतीवरचा, हे तिन्ही जुळतात का ते आम्ही तुमच्यासमोर पाहतो. आम्ही स्वतःच्या अधिकारात नवा फोन काढून देऊ शकत नाही, हे आधीच सांगतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने दोष मान्य केल्याचं पत्र लागतं. पण तिथे आमचा माणूस तुमच्यासोबत येईल, जॉबशीटवर (फोन जमा करताना मिळणाऱ्या कागदावर) तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घेईल. 'फोन चेक करणे' एवढंच लिहिलेली जॉबशीट घेऊ नका, पुढे ती काही कामाची नसते. फोन दुरुस्त होऊन आला आणि तोच दोष पुन्हा आला, तर पुन्हा जॉबशीट घ्या. दोन-तीन जॉबशीट हाच तुमचा पुरावा.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का आमच्या पावतीवर नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणं हीसुद्धा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथेही निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी तिथे फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आमच्याविरुद्ध तक्रार असली तरी मार्ग हाच आहे.

फोन हप्त्यांवर असेल तर रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. कर्ज देणाऱ्या कंपनीचा फोनच्या दोषाशी संबंध नसतो, हप्ता चुकला की तुमचा सिबिल स्कोअर पडतो. फोन परत झाला तर कर्ज रद्द झाल्याचा कागद वेगळा मागून घ्या.

घ्यायच्या आधी आलात तर

आमच्याकडे डेमोचे फोन असतात. अर्धा तास बसा, तुमचं सिम टाकून एक फोन लावून पाहा, घरातल्या कोणाचा तरी संध्याकाळच्या उजेडात फोटो काढा, चष्मा काढून अक्षरं वाचून पाहा, एका हातात धरून टाइप करा. सव्वादोनशे ग्रॅमचा फोन आजींच्या हाताला पेलतो का, हे कुठल्याही जाहिरातीत कळत नाही. बऱ्याच जणांना आम्ही मागच्या वर्षीचा वरचा फोन सुचवतो. त्याच्या खोडी माहीत झालेल्या असतात, अपडेट आलेली असतात, भाव उतरलेला असतो. त्यात आमचा नफा कमी आहे, तरी सुचवतो.

सील फुटलं, फोन चालू झाला की तो जुना धरला जातो. आठ दिवसांच्या वापरलेल्या फोनलाही विकताना बराच कमी भाव येतो. म्हणून बॉक्स आमच्या काउंटरवरच उघडा, घाई करू नका, आणि पहिल्या आठवड्यात एकदा फोन दाखवायला या. त्या तपासणीचे पैसे घेत नाही. येताना जुना फोनही सोबत आणा, तो लगेच विकून टाकू नका. दोन्ही शेजारी ठेवले की काय कमी पडतंय ते पटकन सापडतं.

आपले,
दुकानातील सर्वजण