मलिक-ए-मैदान आणि काशाची वाटी

उन्हाळ्यात तळपायांची आग व्हायला लागली की आजी खोबरेल लावून काशाच्या वाटीनं पाय घासून द्यायची. ती वाटी एकदा माझ्या हातून फरशीवर पडली. घंटेसारखा लांबलचक नाद झाला, आणि उचलून पाहिली तर काठाला चीर. तांब्याचं भांडं पडलं तर पोचा येतो, कासं मात्र तडकतं. हा नाद आणि ही चीर दोन्हींचं मूळ एकच, हे मला पुष्कळ वर्षांनी विजापुरात एका तोफेसमोर कळलं.

सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. तिथल्या शेरझा बुरुजावर मलिक-ए-मैदान आहे. लांबी जेमतेम साडेचार मीटर, वजन ५५ टनांच्या घरात, आणि नळीचा आतला व्यास ७० सेंटिमीटर, म्हणजे लहान पोर आत बसावं एवढा. तोंडाशी हत्तीला जबड्यात चिरडणारा सिंह आहे. ही तोफ ओतली अहमदनगरात, १५४९ मध्ये. ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी. धातू म्हणाल तर सुमारे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. म्हणजे आजीच्या वाटीचंच कासं!

नुसतं तांबं मऊ असतं, कारण त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. कथलाचा अणू तांब्याच्या अणूपेक्षा मोठा. तो मध्ये घुसला की थर अडतात. कथील आणखी वाढवलं की धातूत दोघांच्या संयुगाचे कठीण, ठिसूळ कण तयार होतात. अशा धातूवर आघात झाला की ऊर्जा आतल्या आत फारशी मुरत नाही, कंपनं टिकतात आणि नाद घुमत राहतो. पण थरच सरकत नाहीत म्हटल्यावर जोराचा ताण आला की धातू वाकत नाही, फुटतो.

तोफेसाठी ही धोक्याचीच गोष्ट. म्हणून तोफांच्या काशात कथील साधारण दहा टक्केच घालत. रूमीनं दुप्पट घातलं. फायदा एवढाच की तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, तर हे मिश्रण नऊशेच्या आसपासच पूर्ण पातळ होतं आणि साच्यात नीट पसरतं. ठिसूळपणावर त्याचा उपाय साधा होता. नळीची भिंतच जवळजवळ ४० सेंटिमीटर जाड! त्या माणसाच्या हिशेबापुढे मी आजही हात जोडतो.

या तोफेच्या काळातल्या राजकारणात आपलं सोलापूरही आहे. इथल्या भुईकोटासाठी निजामशाही आणि आदिलशाही वर्षानुवर्षं भांडल्या. विजयनगरविरुद्ध एकत्र यायचं ठरलं तेव्हा हुसेन निजामशहानं मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि हाच किल्ला आंदण दिला. सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभं राहून तटाकडे पाहताना मला दर वेळी ते लग्न आठवतं.

२३ जानेवारी १५६५ रोजी राक्षसतागडीची, म्हणजे तालिकोटची लढाई झाली. मधल्या फळीत निजामशाही तोफखाना होता, त्याचा प्रमुख रूमी खान. इतिहासकार फरिश्त्यानं लिहून ठेवलंय की तोफांमध्ये तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरल्या होत्या. मलिक-ए-मैदानही त्यांत होती, असं परंपरेनं सांगतात.

नाणीच का? एक गोळा एका रेषेत जातो, हजारो नाणी पंख्यासारखी पसरतात. पण चपटं नाणं हवेत गिरक्या घेतं, हवेचा विरोध त्याला फार होतो आणि वेग झपाट्यानं मरतो. थोड्या अंतरावरच त्याची धार. म्हणजे समोरचं सैन्य अगदी जवळ येईपर्यंत बत्ती न देता थांबणं, हे खरं सेनापतीचं काम. रूमी खान थांबला. विजयनगरची फळी फुटली, रामराया पकडला गेला आणि हुसेन निजामशहानं तिथंच त्याचा शिरच्छेद करवला. लढायांच्या गोष्टींत आपण राजांची नावं घोकतो. ओतारी आणि गोलंदाज यांनाही तितकंच लक्षात ठेवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे ही तोफ बार्शीपलीकडच्या परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली. दहा हत्ती आणि चारशे बैल लागले म्हणतात. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव पुकारला, बोली आली १५० रुपये. सुदैवानं तो सौदा रद्द झाला.

मी बोटाच्या पेरानं तिच्यावर हलकेच टकटक केली आणि कान लावला. आतून बारीक, लांबत जाणारा नाद आला. आमच्या वाटीचाच, फक्त खर्जातला.