स्टीअरिंग थरथरतंय? डॅम्पर (स्टीअरिंगचे झटके जिरवणारा शॉक अॅब्सॉर्बर) नंतर घ्या, आधी गाडीखाली आडवे व्हा

जिप्सी, मेजर, एमएम ५४० अशा जीप चालवणाऱ्यांना हे नवीन नाही. गाडी साठला निवांत चाललेली असते, पुलाचा जॉइंट येतो, एक चाक आदळतं आणि स्टीअरिंग असं काही डावीउजवीकडे आपटायला लागतं की डॅशबोर्डपासून दातांपर्यंत सगळं हलतं, आणि वेग बराच उतरेपर्यंत थांबायचं नाव नाही. यालाच डेथ वॉबल म्हणतात. अशा वेळी ब्रेकवर उभं राहू नका, स्टीअरिंग घट्ट धरा, अॅक्सिलरेटर सोडा आणि गाडी हळूहळू मंदावू द्या.

पण खड्डा तर मागे गेला, मग थरथर चालू कशी राहते? झोक्यावरचं पोर कुणी ढकललं नाही तरी वेळ साधून पाय झाडत झोका चढवतं ना, तसंच. इथे ताकद येते ती गाडीच्या धावण्यातून. या गाड्यांची पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड अॅक्सलवर असतात, त्यामुळे एक चाक उचललं की दुसरंही कलतं, आणि फिरणारं चाक कललं की ते भोवऱ्यासारखं वागून बाजूला वळायला बघतं, वळलं की टायर रस्त्याला आडवा घासून अॅक्सलला परत हलवतो, की पुन्हा कलणं आलंच. स्टीअरिंगचे जॉइंट घट्ट असतील तर घर्षणात हे सगळं जिरतं, प्ले म्हणजे ढिलेपणा असेल तर वाढत जातं. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला तर ताशी ६० किमीला चाक सेकंदाला जवळपास ८ वेळा फिरतं, आणि पुढच्या अॅक्सलची स्वतःची थरथरही बऱ्याचदा याच्याच आसपास असते, म्हणून ठरावीक वेगालाच त्रास. विमानांच्या पुढच्या चाकालाही हा रोग होता, सोव्हिएत गणितज्ञ केल्डिश यांनी १९४५ साली त्याचं गणित मांडलं होतं.

आता तपासणी. आधी फुकटातलं बघा: ऑफरोडिंगनंतर रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल, वाळूत कमी केलेली आणि परत भरायची राहिलेली हवा. मग बॅलन्सिंग. नंतर चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टीअरिंग थोडं थोडं डावंउजवं हलवायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून स्टीअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या जॉइंटवर, म्हणजे एकेका टाय रॉड एंडवर, ड्रॅग लिंकवर हात ठेवायचा, लूज जॉइंट बोटांना बरोबर कळतो. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश आणि पाटे गाडीला जोडणारे शॅकलही बघून घ्या.

किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर डावीउजवीकडे वळतं ती खीळ, तपासायला मेकॅनिक लोकांची एक मस्त युक्ती आहे. गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा, चाक वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. खडखड गेली तर व्हील बेअरिंग, तरीही राहिली तर बहुतेक किंगपिन. जिप्सीत किंगपिनचे शिम (पातळ चकत्या) कमी करून बेअरिंग परत आवळता येतं, पण बेअरिंगच खाल्लं असेल तर बदलाच.

लांब शॅकल टाकून गाडी उचलली असेल तर कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, कमी झालेला असू शकतो, मग चाक सरळ राहायला मागत नाही. पाटे आणि अॅक्सलच्या मध्ये पाचर टाकून तो परत आणतात, फक्त अति करू नका, जास्त कॅस्टरनेही थरथर वाढते.

आणि डॅम्पर? गॅरेजमध्ये सगळ्यात आधी तोच विकतात. दोन-चार महिने बरं वाटतं खरं, पण घासलेलं किंगपिन खाली घासतच राहतं आणि डॅम्पर दमला की वॉबल परत हजर, तोवर बाकीचे जॉइंटही ढिले झालेले असतात.