जुनी सोन्याची नाणी: टांकसाळीतली चूक की नंतरचं डॅमेज

नाणं टांकसाळीतून बाहेर पडायच्या आधी जे बिघडलं ती एरर, बाहेर पडल्यावर माणसांनी जे केलं ते डॅमेज. एररवाल्या नाण्याला हौशी लोक जास्त पैसे देतात आणि डॅमेजवाल्याला सराफ वजनाचा भाव देतो, म्हणून हा फरक कळणं गरजेचं. ठाण्यात जांभळी नाका किंवा नौपाड्यातल्या पेढीवर आजीच्या डब्यातली गिन्नी घेऊन कुणी गेलं की "बघा ना, यात काहीतरी वेगळं आहे" असं होतंच, आणि ते वेगळं म्हणजे बहुतेक वेळा आजीच्या माळेची कडी असते.

मुख्य खूण एकच. नाणं ज्याने ठोकतात तो ठसा पोलादाचा, त्यावर चित्र उलटं खोदलेलं, त्यामुळे ठशाला तडा गेला की सोनं त्या तड्यात शिरतं आणि नाण्यावर रेघ उठून येते. नंतर पडलेला ओरखडा खोल असतो, आणि सोनं मऊ म्हणून त्याच्या दोन्ही कडांना ढकललेल्या सोन्याचा बारीक वरंबा उभा राहतो. दहा पटीचं भिंग घ्या, नाणं दिव्याखाली तिरकं फिरवा, नखाने चाचपू नका. पण उठलेलं ते सगळं एरर असंही नाही हां, कडी जोडताना लावलेल्या डाखाचा (सोल्डरचा) थेंबही उठूनच दिसतो!

गिन्नी म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन, २२ कॅरेट, ७.९८ ग्रॅम, २२.०५ मिमी. मुंबईत ही फक्त १९१८ साली पाडली, तारखेच्या वर जमिनीच्या रेषेवर बारीक 'आय' असतो, ती मुंबईची खूण आहे, चूक नव्हे. कडी काढलेली गिन्नी ओळखायची तर राजाच्या डोक्यावरची कड बघा, तिथले दाते घासून सपाट झालेले असतात, डाखाचा रंग जरा फिका पडतो आणि पॉलिश मारल्यामुळे आजूबाजूची मूळ चमक गेलेली असते. कडेवर एखादी सपाट घासलेली जागा दिसली तर ती सराफाने कस लावल्याचीही असू शकते.

शिवराई होनाला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या नाण्याला, हे नियम लावू नका. तो हाताने हातोडीने ठोकलेला, ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे अक्षरं कडेबाहेर जाणं नेहमीचंच. पुतळीचंही तसंच, मूळ व्हेनिसचा डुकॅट, साधारण साडेतीन ग्रॅमचा, पण आपल्याकडच्या सोनारांनी त्याच्या नकला भरपूर केल्या आणि त्यांना लॅटिन येत नव्हतं, तेव्हा गिचमिड अक्षरं म्हणजे एरर नाही, नक्कल आहे.

सगळ्यात जास्त फसवतो तो कडेचा तुकडा गेलेला प्रकार. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर कातर पडली तर चंद्रकोरीसारखा तुकडा कमी होतो, आणि ठोकण्याआधी चकतीची कड उठवताना तिथे दाब मिळत नाही म्हणून बरोबर समोरच्या बाजूची कडही पुसट उठते. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. कानसीने खाल्लेल्या नाण्यात समोरची कड मात्र ठणठणीत असते. वजन दोन्हीकडे कमीच भरणार, त्यावरून निकाल लागत नाही. शिवाय सॉव्हरिन टांकसाळीतच एकेक करून तोलली जायची, हलकी निघाली की परत वितळवायला, त्यामुळे तुकडा गेलेली गिन्नी कुणी दाखवली की आधी कानसच आठवावी.